हातपंप की सिरिंज? हायड्रॉलिक क्लचची हवा काढण्याच्या सामानाबद्दल

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. ऑनलाइन मिळणारी व्हॅक्यूम हातपंपाची पेटी साधारण दीड ते अडीच हजारांची. फार्मसीत मिळणारी ५० मिलीची सिरिंज शंभराच्या आतबाहेर. मोटरसायकलच्या हायड्रॉलिक (केबलऐवजी फ्लुइडच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचपुरतं बोलायचं तर पंप निम्म्या कामाचा आहे. जुनं फ्लुइड ओढून काढायला तो झकास, पण हवा काढायला सिरिंज त्याला सहज मागे टाकते. एकच काही घ्यायचं असेल तर सिरिंज घ्यावी. गाडीचे ब्रेक आणि दारातल्या चारचाकीचंही काम घरीच करणार असाल तर पंपाचे पैसे वसूल होतात, नाहीतर तो कपाटात पडून राहतो.

आपल्या गाडीला हे सामान लागतं का, ते आधी पाहा. हिमालयन, डॉमिनार, ३९० ड्यूक, स्पीड ४०० या सगळ्यांचा क्लच केबलवर चालतो. केबलमध्ये थोडं तेल सोडलं की त्यांचं भागतं. हायड्रॉलिक क्लच असतो तो हायाबुसा, झेडएक्स-१४आर, गोल्डविंग, डुकाटी मल्टिस्ट्राडा, बीएमडब्ल्यू आर १२०० जीएस, हार्लीच्या बऱ्याच टूरिंग गाड्या अशा थोरल्यांना. डाव्या हँडलवर ब्रेकसारखाच फ्लुइडचा डबा दिसला की ओळखायचं. अशी गाडी काणकोणहून किंवा वाळपईहून टेंपोत घालून पणजीपर्यंत न्यायची तर भाड्यातच सगळं सामान विकत येतं. शिवाय क्लचच्या लाइनीत एबीएसचं मॉड्यूल नसतं. लिव्हरजवळचा एक मास्टर सिलिंडर (पुढे नुसता मास्टर), एक होज म्हणजे नळी, इंजिनाशी क्लच ढकलणारा एक खालचा सिलिंडर, बस्स. घरी करण्यासारखं काम आहे.

पैसे खर्च करण्याआधी दोष हवेचाच आहे ना, हे तपासावं. पर्वरीच्या ट्रॅफिकच्या रांगेत पहिल्या गिअरवर सरकताना क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढते, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही, गरम झाल्यावर जास्तच. असं झालं की ‘क्लच प्लेटी गेल्या’ हा सल्ला सगळीकडून मिळतो. प्लेटी उघडण्याआधी लिव्हर भराभर पाच-सहा वेळा दाबून पाहा. त्याने क्लच सुधारला आणि न्यूट्रल पटकन पडलं तर लाइनीत हवा आहे, किंवा मास्टरचं सील थकलं आहे. दाबून धरलेला लिव्हर हळूहळू आणखी आत जात असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टरच्या पिस्टनचा कप, म्हणजे रबरी सील, फ्लुइड मागे सोडतो आहे. तिथे हवा कितीही काढली तरी उपयोग नाही, सीलांचं किटच टाकावं लागेल. आणि लिव्हर पहिल्यापासून घट्ट, दाबल्याने काहीच फरक नाही, तरी गाडी ओढतेच, असं असेल तर मग खरोखर प्लेटी, बास्केटला (प्लेटी बसतात त्या टोपलीला) पडलेल्या खाचा किंवा चुकीचं इंजिन ऑइल. त्या वेळी पंपही नको आणि सिरिंजही नको.

थोड्याशा हवेने एवढं का बिघडतं, हे आकडे मांडले की लगेच कळतं. मास्टरचा पिस्टन १२.७ मिमी व्यासाचा आणि त्याची चाल १० मिमी धरली, तर लिव्हर एकदा दाबल्यावर जेमतेम सव्वा मिली फ्लुइड खाली जातं. खालचा पिस्टन ३० मिमीचा असेल तर तेवढ्याने तो सरकतो १.८ मिमी. क्लच सुटायला लागणारी सगळी चाल ती एवढीच. आता लाइनीत पाव मिलीचा बुडबुडा आहे असं समजा. दाब आला की तो चेपून जवळपास नाहीसा होतो, आणि १.८ मधले ०.३५ मिमी तिथेच खर्ची पडतात. ब्रेकमध्ये असा बुडबुडा लिव्हर मऊ करतो. क्लचमध्ये तो लिव्हर फारसा मऊ न करता प्लेटी अर्धवट सुटलेल्या ठेवतो. म्हणून फसायला होतं.

याच आकड्यांत जुन्या पद्धतीची गोमही आहे. लिव्हर दाबा, निपल (खालच्या सिलिंडरवरचा हवा काढायचा पोकळ स्क्रू) उघडा, बंद करा, लिव्हर सोडा, ही पद्धत ब्रेकला चालते. क्लचच्या होजचा आतला व्यास ३ मिमी धरला तर सव्वा मिली फ्लुइड म्हणजे होजमधला अवघा १८ सेंमीचा तुकडा. होज मीटरभर लांब आणि उभा. बुडबुडा १८ सेंमी खाली जातो, पुढच्या दाबापर्यंत वर चढतो, पुन्हा खाली जातो. तासभर दाबत बसलं तरी तो होजच्या मधल्या भागातच फिरत राहील. हवेला वर जायचं असतं आणि आपण तिला खाली ढकलत असतो, हीच मूळ अडचण.

आता पेटीबद्दल. पिस्तुलासारखा पंप, त्यावर व्हॅक्यूम दाखवणारं काट्याचं घड्याळ, झाकणाला नळीची दोन तोंडं असलेली प्लास्टिकची बरणी, पारदर्शक नळी, आणि अडॅप्टरांची पुडी. पंप स्वतः बहुधा ठीक निघतो. नळीचं तोंड अंगठ्याने बंद करून दट्ट्या मारा. काटा २० इंच पाऱ्याच्या पुढे जाऊन मिनिटभर तिथेच राहिला तर माल चांगला. काटा लगेच उतरू लागला तर दहातल्या नऊ वेळा दोष बरणीच्या झाकणाचा असतो. झाकणाच्या रबरी रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा आणि पुन्हा पाहा. तरीही उतरत असेल तर परत करण्याची मुदत संपण्याआधी परत करा.

अडॅप्टर बहुतेक चारचाकींसाठी केलेले असतात. मोटरसायकलच्या निपलवर ते सैल बसतात. त्यापेक्षा ५ मिमी आतल्या व्यासाची सिलिकॉनची नळी वेगळी घ्यावी. पेटीतली पीव्हीसीची नळी दोन-चार वापरांत कडक होते आणि निपलवरून निसटते. नळी चढवण्याआधी रिंग पाना निपलवर घालून ठेवावा. जपानी गाड्यांना बहुधा ८ नंबरचा. नळी आधी लावली की पाना घालायला ती पुन्हा काढावी लागते, आणि फ्लुइड हातावर येतं.

पंपाचा खरा घोळ बुडबुड्यांचा. निपल पाव फेरा उघडून पंप मारला की नळीतून फेस येऊ लागतो, आणि तो थांबतच नाही. अर्धा लिटर फ्लुइड संपवलं तरी फेस येईल, कारण ती हवा क्लचच्या लाइनीतली नसते. निपलचे आटे सैल असतात, पंप आट्यांच्या कडेने बाहेरची हवा आत ओढतो. निपल पूर्ण काढून, टोकाकडचा निमुळता भाग आणि बाजूचं भोक सोडून, वरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन फेरे द्या किंवा रबर ग्रीस भरा. फेस बराच कमी होतो. शिवाय सिलिंडरांतली सीलं आतून येणारा दाब थोपवायला बनवलेली असतात, बाहेरून हवा ओढली गेली तर थोपवायला नाही. म्हणून काटा १५ ते २० इंचांच्या पुढे नेऊ नये. जास्त ओढलं की काम लवकर होत नाही, उलट सीलाच्या ओठाखालून नवी हवा येते.

दुसरी चूक हमखास होते ती डब्याची. क्लचचा डबा ब्रेकच्या डब्यापेक्षा लहान असतो आणि होजमध्ये फ्लुइड साताठ मिलीच. पंपाचे चार दट्टे मारून नळीकडे पाहत बसलं की तेवढ्यात वरचा डबा कोरडा पडतो, मास्टरमध्ये हवा शिरते आणि आगीतून फुफाट्यात पडायला होतं. पंप मारणारे दोनच दट्टे मारून वर पाहावं. दुसरा माणूस असेल तर त्याने फक्त डबा भरत राहावं, बाकी काही नाही.

आणखी एक. बरणी अर्ध्यापेक्षा जास्त भरू देऊ नका आणि आडवी करू नका. फ्लुइड पंपात गेलं की आतली रबरं फुगतात आणि दोन हजारांचा पंप महिन्याभरात घट्ट होतो.

एवढं सगळं असूनही पंप पहिल्या टप्प्यात हवाच आहे, आणि तो टप्पा चुकवू नये. खालच्या सिलिंडरमधलं फ्लुइड सगळ्यात घाण असतं. इंजिनाची उष्णता, सीलाची झीज, पाण्याने आलेला गंज, सगळं तिथे साचतं. काढलं की काळ्या चहासारखं दिसतं. सिरिंजने थेट खालून ढकललं तर हा गाळ वर मास्टरपर्यंत जातो, आणि डब्यातून मास्टरमध्ये उघडणारं बारीक भोक बुजतं. म्हणून आधी वरचा डबा सिरिंजने रिकामा करून पुसून घ्यायचा, नवं फ्लुइड भरायचं, आणि पंपाने खालून ५० ते ६० मिली, म्हणजे रंग स्वच्छ येईपर्यंत, ओढून काढायचं. पंप नसेल तर हाच टप्पा लिव्हरने करता येतो. वेळ लागतो, पण इथे हवा निघाली की नाही याची फिकीर नसते, फक्त घाण काढायची असते.

मग सिरिंज. घेताना निमुळत्या लांब तोंडाची घ्या, सुई लावायच्या बारीक तोंडाची नको. निमुळत्या तोंडावर ५ मिमीची नळी गच्च बसते. तिथे केबल टाय आवळाच. नळी सुटली तर फ्लुइड थेट तोंडावर आणि टाकीच्या रंगावर. चष्मा घालावा, टाकीवर जाड ओलं फडकं पसरावं, आणि रंगावर थेंब पडलाच तर न पुसता आधी भरपूर पाणी ओतावं. पुसलं की रंग फडक्याबरोबर येतो.

सिरिंजमध्ये ४० मिली नवं फ्लुइड ओढा, तोंड वर करून टिचक्या मारा, हवा बाहेर घालवा, नळीसुद्धा टोकापर्यंत फ्लुइडने भरून मगच निपलवर चढवा. वरच्या डब्यातलं फ्लुइड तळाशी थोडंच ठेवा. निपल अर्धा फेरा उघडा आणि सावकाश दाबा, सेकंदाला एक मिलीपेक्षा जास्त नाही. वर डब्याच्या तळाशी बारीक भोकातून आधी बुडबुड्यांची माळ येते, मग एखादा मोठा बुडबुडा, मग नुसतं फ्लुइड. १५ ते २० मिलीत काम होतं. डबा भरत आला की थांबा, वरून काढून घ्या, पुन्हा दाबा. सिरिंजमधले शेवटचे ५ मिली कधीच ढकलू नका, तळाला हवा असते. निपल बंद करताना सिरिंजवरचा दाब तसाच ठेवा, आणि निपल हलक्या हाताने आवळा: बहुतेक गाड्यांना ६ ते ८ न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाने, खांद्याने नव्हे. इथे जोर केला की आटे खालच्या ॲल्युमिनियमचे जातात, आणि शंभर रुपयांचं काम हजारांत जातं.

सिरिंज दाबूनही वर काहीच येत नसेल तर जबरदस्ती करू नका. लिव्हर पूर्ण सुटलेला आहे का पाहा. बाहेरून घेतलेले आखूड लिव्हर किंवा चुकीचा फिरवलेला ॲडजस्टर पिस्टनला किंचित दाबून ठेवतो, आणि तेवढ्याने ते भोक झाकलं जातं. अशा गाडीत आणखी एक लक्षण असतं: थंड असताना सगळं ठीक, तासाभराने क्लच स्लिप होऊ लागतो. फ्लुइड गरम होऊन फुगतं, परत जायला वाट नसते, आणि क्लच आपोआप अर्धा दाबला जातो. प्लेटी बदलूनही स्लिप थांबत नाही ती गाडी बहुधा हीच. लिव्हरला टोकाशी थोडी मोकळी चाल हवीच.

लिव्हर मोकळा असून वाट बंद असेल तर भोक बुजलं आहे. अर्ध्या मिमीहूनही बारीक असतं ते, डब्याच्या तळाशी मोठ्या भोकाशेजारी, कधी पत्र्याच्या छोट्या झाकणाखाली. जुनं फ्लुइड तिथे जेलीसारखं किंवा पांढऱ्या खड्यासारखं जमतं. उघड्या डब्यात लिव्हर अगदी हळू दाबला की चांगल्या भोकातून फ्लुइडची छोटी उसळी दिसते. ती दिसली नाही की समजायचं. साफ करायला सुई किंवा टाचणी नको, भोक मोठं होतं आणि खालचा कप चिरतो. वायरमधली तांब्याची एक बट सोलून घ्यावी. गिटारची सगळ्यात बारीक तार, ०.००९ इंचाची, म्हणजे पाव मिमीपेक्षाही बारीक, तीही चालते, आणि गोव्यात ती कुणाच्या ना कुणाच्या घरात सापडतेच. पण पोलादी आहे, हलक्या हाताने.

गाडी कशी उभी केली यावरही बरंच अवलंबून असतं. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, क्लचचा डबा खाली जातो आणि मास्टरच्या तोंडाशी होजचा बँजो जोड (पोकळ बोल्टने आवळलेला) सगळ्यात उंच होतो. शेवटचा बुडबुडा तिथेच दडून बसतो. गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) सरळ उभी करा आणि हँडल पूर्ण उजवीकडे वळवा. डावी मूठ पुढे आणि वर जाते, मास्टरचं तोंड भोकापेक्षा खाली येतं, हवेला वाट मिळते. मग लिव्हर पूर्ण न दाबता, टोकाशी नुसता पाच-सात मिमी टकटक हलवत राहा. डब्यात बारीक बुडबुडे उठताना दिसतील. एवढं करूनही शंका असेल तर बँजो बोल्टभोवती फडकं गुंडाळून लिव्हर दाबून धरा, बोल्ट पाव फेरा सैल करा, फुस्स झालं की आवळा, मग लिव्हर सोडा. हा क्रम उलटा झाला तर हवा आत येते.

बँजो पूर्ण काढला तर दोन्ही वॉशर नवे घ्यायचे, १० मिमीचे, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे. दहा-वीस रुपयांसाठी जुने घासून लावू नयेत. बोल्ट हरवला आणि दुसरा घ्यायचा झाला तर जपून: जपानी मास्टरला बहुधा १० बाय १.२५ चा आटा असतो, ब्रेम्बो कंपनीच्या मास्टरला १० बाय १.० चा. दोन फेरे दोन्ही जातात, तिसऱ्याला मास्टरचे आटे जातात.

फ्लुइड कुठलं? दुकानात सगळ्यालाच ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, आणि त्या शब्दानेच घात होतो. डॉट ४ हे ऑइल नव्हे, ग्लायकोलचं फ्लुइड आहे, पाण्यात विरघळतं. हायाबुसा, डुकाटी, हार्लीला ते लागतं. २००४ नंतरच्या आर १२०० जीएसच्या क्लचला मात्र खरंच तेल लागतं, मिनरल ऑइल, आणि मागुरा कंपनीचा मास्टर असलेल्या काही गाड्यांनाही. दोन्हींची सीलं वेगळ्या रबराची. डॉट ४ च्या लाइनीत तेल गेलं की सीलं फुगून बसतात आणि मग मास्टर, खालचा सिलिंडर, सगळंच उघडावं लागतं. डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं ते वाचा. दुकानदाराला विचारू नका. मिनरल ऑइल भरताना सिरिंजही एकदाचीच समजा, तिच्या दट्ट्याचं रबर तेलाने फुगून अडकतं. डॉट ४ मध्ये तीच सिरिंज चार-पाच वेळा चालते. डॉट ५.१ भरलं तरी चालतं, पण क्लचला त्याचा काही फायदा नाही. डॉट ५ सिलिकॉनचं, ते नाही.

बाटली २५० मिलीचीच घ्या. पूर्ण कामाला १०० ते १५० मिली लागतं. लिटरची बाटली स्वस्त दिसते, पण गोव्याच्या हवेत उघडलेली बाटली पुढच्या वर्षी वापरण्याजोगी राहत नाही. फ्लुइड हवेतलं पाणी ओढत राहतं. ताज्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश, ३.७ टक्के पाणी शिरलं की किमान १५५. क्लचमध्ये उकळण्याची भीती ब्रेकइतकी नसते, इथे ते पाणी गंजाच्या रूपाने त्रास देतं. मॅन्युअल दोन वर्षं म्हणतात. समुद्रकाठच्या गाडीला एक वर्ष धरावं, आणि दिवस निवडताना जून ते सप्टेंबर टाळावेत. चतुर्थी होऊन पाऊस ओसरला की ऑक्टोबरातली एखादी कोरडी सकाळ उत्तम.

खारी हवा आणखी दोन ठिकाणी नडते. डब्याच्या झाकणाचे दोन स्क्रू मऊ असतात आणि जाम बसतात. आधी डोक्यावर बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर ठेवून हातोडीने दोन ठोके द्या, मग फिरवा. डोकं एकदा घासलं गेलं की ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. खालचं निपलही तसंच. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा आणि सुरुवात सहा कोनी सॉकेटने करावी. निपलची रबरी टोपी नसेल तर दहा-वीस रुपयांची नवी टाका, नाहीतर रेती आणि पाणी थेट आत.

आता दुरुस्तीचं. बऱ्याच गाड्यांत खालचा सिलिंडर पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणाशी असतो, चेनचा सगळा चिकट चिखल अंगावर घेत. डब्यातली पातळी उतरत असेल तर आधी तिथेच पाहा. तिथे ओल दिसली की ती कशाची हे ठरवायला वाटीभर पाणी पुरे: बोटाने एक थेंब पाण्यात सोडा. विरघळला तर डॉट फ्लुइड, म्हणजे सिलिंडरचं सील गेलं. तरंगला तर इंजिन ऑइल, म्हणजे मागचं पुशरॉडचं (क्लच ढकलणाऱ्या दांड्याचं) सील; त्याला क्लचचं किट आणून उपयोग नाही. मिनरल ऑइलवाल्यांना ही परीक्षा लागू नाही, दोन्ही तरंगतात.

पातळीवरून आणखी एक. ब्रेक पॅड झिजले की ब्रेकची पातळी उतरते. क्लचमध्ये उलट: प्लेटी झिजल्या की खालचा पिस्टन आत ढकलला जातो आणि पातळी वर चढते. म्हणून क्लचचा डबा काठोकाठ भरू नये. भरला तर काही महिन्यांनी वर जागा राहत नाही आणि क्लच स्लिप होतो.

सील बदलताना सिलिंडर सोडवून, होज लावलेलाच ठेवून, खाली भांडं धरून लिव्हर हळूहळू दाबला की पिस्टन आपोआप बाहेर येतो. कॉम्प्रेसरची हवा लावली तर तो गोळीसारखा सुटतो. सिलिंडरचं आतलं अंग ताज्या फ्लुइडने पुसा. पेट्रोल, रॉकेल, डब्ल्यूडी-४० यांपैकी काहीही नको. नख फिरवून पाहा. डाग असले तरी नख अडकत नसेल तर चालेल. नख खड्ड्यात अडकलं तर नवं सील चार दिवसही टिकणार नाही, सिलिंडरच नवा घ्या. सीलाचा पसरट ओठ फ्लुइडच्या बाजूला, लाल रबर ग्रीसचा पातळ हात, आणि पिस्टन अंगठ्याने सरळ आत, ठोकायचा नाही. सिलिंडर काढलेला असताना घरातल्या पोराने सहज लिव्हर दाबला की पिस्टन जमिनीवर, म्हणून लिव्हर आणि मुठीच्या मध्ये लाकडाची पट्टी घालून ठेवावी. या भागाला क्षुल्लक समजू नये: २०१८ च्या ऑक्टोबरात हार्लीने २०१७ आणि २०१८ मॉडेलच्या जगभरातल्या सुमारे २ लाख ३८ हजार गाड्या परत बोलावल्या, त्या क्लचच्या याच खालच्या सिलिंडरसाठी.

मास्टरचं किट त्यामानाने किचकट. पिस्टन धरून ठेवणारी सर्क्लिप खोल आणि अरुंद जागेत असते, साध्या पकडीने ती निघत नाही. लांब चोचीची सर्क्लिप पकड हवी. किटमध्ये स्प्रिंग, दोन कप, पिस्टन, सर्क्लिप आणि बूट असं सगळं यायला हवं. नुसते कप देणारं स्वस्त किट घेऊ नये, झिजलेल्या पिस्टनवर नवे कप वर्षभरही नीट चालत नाहीत.

बाकीच्या सामानाबद्दल थोडक्यात. आत चेंडू आणि स्प्रिंग असलेलं झडपेचं निपल, म्हणजे स्पीड ब्लीडर, एकट्याने काम करणाऱ्याला सोयीचं आहे, पण हवा तरीही खालीच ढकलायची असते, म्हणून क्लचला त्याचा फायदा कमी. माशांच्या टाकीच्या पंपाला लावतात ती वीस-तीस रुपयांची एकतर्फी झडप नळीत घातली तर तेच काम होतं. एकदा वापरून टाकून द्यायची. रात्रभर लिव्हर मुठीला बांधून ठेवायची जुनी युक्ती खोटी नाही. बुडबुडे चेपून वर सरकतात आणि सकाळी सोडल्यावर भोकातून निसटतात. सिरिंजनंतर उरलेल्या किरकोळ हवेला ती पुरते. पहिला उपाय म्हणून नव्हे.

काम झाल्यावर इंजिन बंद, गाडी पॅडॉक स्टँडवर, पहिला गिअर, लिव्हर दाबून मागचं चाक हाताने फिरवा. थंड इंजिनात तेलाचा थोडा चिकटपणा लागतो, पण चाक फिरायला हवं. नंतर निपल आणि बँजो पाण्याने धुऊन, कोरडे पुसून, स्प्रॉकेटच्या झाकणाखाली जुना पेपर पसरा आणि लिव्हर बांधून ठेवा. सकाळी पेपरावर डाग असेल तर आधी पेपर पाण्यात बुडवून पाहा, कशाचा आहे ते.